नीलाबाईची माफी

सेनगाव रोडवर जीप चालवणारा खाजामियाँ माझा पक्षकार. शहाण्णव साली त्याच्या ठासून भरलेल्या जीपच्या मागं लटकलेला सेवा, तांड्यावरचा तरणाताठा पोरगा, वळणावर पडला आणि जागीच गेला. हिंगोलीच्या कोर्टात साक्षीदार फिरले, खाजा निर्दोष सुटला. मी पेढ्यांची वाट बघत बसलो, तर हा पठ्ठ्या तोंड पाडून हजर.

“वकीलसाब, गलती तो मेरीच थी ना?”

“कोर्ट नाही म्हणतंय, मग तू कोण रे सांगणारा?” मी खेकसलो.

पण मौलवींनी त्याला सांगितलं होतं, अल्लाहचा गुन्हा अल्लाह माफ करतो. माणसाचा केलास तर माफी त्याच्याच घरातून आली पाहिजे. त्या घरात कर्ती होती सेवाची आई, नीलाबाई. तेव्हापासून दर ईदला खाजा शीरखुर्म्याचा डबा घेऊन तांड्यावर जायचा. ती त्याला बाजेवर बसवायची, सेवाबद्दल विचारत राहायची. माफीचं मात्र नाव नाही. मला तिचा भयंकर राग यायचा.

पुढं खाजाच्या घशात गाठ निघाली. वाचा गेली. नांदेडच्या डॉक्टरांनी हात टेकले. ईदपर्यंत तो टिकणार नव्हता, म्हणून मीच त्याला लुनावर बसवून तांड्यावर नेलं.

नीलाबाई दारात तूर पाखडत होती. खाजा तिच्यापुढं हात जोडून बसला आणि लेकरासारखा रडायला लागला.

“बाई, मरायला टेकलाय तो,” मी म्हणालो. “माफ केलं म्हणा की! तुमचं काय जातं?”

तिनं सूप खाली ठेवलं. “वकीलसाहेब, सेवाचं नाव आता तांड्यात कुणी घेत न्हाई. त्याच्या भावानं फोटो बी उतरवला. ह्यो एकटा येतो. त्या दिशी सेवा जीपमधी चढला, काय बोलला, कसा हसला, समदं सांगतो. माफ केल्यावर ह्यो काहून आला असता?”

तिनं खाजाकडं तोंड वळवलं.

“आता एकडाव सांग, खाजाभाई,” ती म्हणाली. “शेवटचं. मग करते माफ.”

खाजानं तोंड उघडलं. नुसती घरघर. पुन्हा जोर लावला, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. तिनं माझ्याकडं पाहिलं.

“तुमी सांगा की मंग. केस तुमीच लढली न्हाई का?”

मला सेवाचं वय पाठ होतं, जखमा पाठ होत्या. तो कसा हसला, हे मी खाजाला कधी विचारलंच नव्हतं.

नीलाबाई खाजाच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि तो ओठ हलवत राहिला.