एकाच बाजूचा कौल

माझी बायको मुलाला घेऊन दोन वर्षं देवबागला माहेरी का राहिली होती, असं परगावच्या कोणी विचारलं की मी सांगायचो, सासूबाई आजारी होत्या. सासूबाई ठणठणीत होत्या. हे खोटं मी इतकी वर्षं सांगितलं की पुढे गावातली माणसंही तेच सांगू लागली. ज्यांच्यासमोर लाज वाटावी असे बहुतेक जण आता गेले. म्हणून लिहितो आहे. यात धाडस काही नाही.

आचऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे होता. गावाच्या वतीने देवाशी बोलायचं. कुणाचं जनावर हरवलं, कुणाला मूल होत नाही, कुणाची होडी परत आली नाही, ते एका दमात मांडायचं आणि मागे उभ्या माणसांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. वडील लवकर गेल्याने हे काम पंचविशीतच माझ्याकडे आलं. माझा आवाज खणखणीत होता. त्या आवाजाचा मला माज होता, हेही लिहून ठेवतो.

संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या चारेक वर्षं आधी मुलगा झाला. दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. अडीच झाली, तीन झाली. हवं ते बोटाने दाखवायचा, आईचा पदर ओढायचा, फार तर ‘हूं’ करायचा. ऐकू मात्र सगळं यायचं. परसात नारळ पडला की धावत सुटायचा. तो बहिरा नाही हे कळत होतं, आणि त्यामुळेच माझा राग वाढत होता. मला वाटायचं, हा मुद्दाम करतो.

माझा चुलतभाऊ ओसरीवर येऊन बसायचा, पोराकडे बघायचा आणि हसायचा. आमच्या घरात बोलणारा वारस नसला तर मान त्याच्या घराकडे जाणार होता. एकदा चार माणसांत तो म्हणाला, “तुझो झील गाऱ्हाणा घालतलो मां? मग देवाक आयकाची गरज नाय, नुसतो बघूक येवंदे.” सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मी बायकोला बोललो.

तिचा मामा जन्मापासून मुका होता. देवबागला जाळी विणायचा. लग्नाआधी ही गोष्ट आमच्यापासून लपवली असं मी म्हणायचो. खरं तर कुणी लपवली नव्हती, आम्हीच विचारली नव्हती. पण मला कारण हवं होतं. दररोज जेवताना मी मामाचा विषय काढायचो. ती ऐकून घेणारी नव्हती. ताट माझ्यापुढे आपटून सांगायची की माझा मामा मुका असला तरी घरच्यांना टोचून खात नाही.

पोराच्या जिभेला वेखंड मधात उगाळून चाटवायचं असतं. थोडं, सकाळी, मायेने. मी ते बोटाने घासायचो, तो ओकेपर्यंत. मग एका वैशाखात मी नवीनच शिकवणी काढली. पाण्याचा तांब्या उंच धरायचा आणि म्हणायचं, ‘पाणी’ म्हण, मग देतो. तो दोन्ही हात वर करून रडायचा. त्या दिवशी बराच वेळ झाला. पोराचे ओठ सुकले होते. बायको चुलीपुढून उठली आणि तिने तांब्या माझ्या हातातून हिसकावला.

“त्येका तान लागली हा. शब्द मगे शिकवा.”

“तुझो मामा शिकलो काय?”

“माझो मामा मुको आसा, पण तानलेल्या पोराक पाणी देता,” ती म्हणाली.

पोर घटाघटा पाणी प्यायलं. त्यानंतर मी दिसलो की ते आईच्या मागे जायचं.

आता जे लिहायचं त्यासाठीच हा सगळा खटाटोप. त्याच आठवड्यात माझी आई परसात सुके बांगडे वाळत घालत होती. मी जवळ गेल्यावर मान वर न करता ती हळूच म्हणाली, “तूय चार वर्सां तोंड उघडूक नाय होतंस. मगे एक दिवस सगळाच बोलाक लागलंस. पोराक सोड.”

दुसरा कुणी असता तर आनंदाने बायकोला सांगायला धावला असता. पोर बोलणार, असं ती सांगत होती. मला त्यात फक्त एवढंच ऐकू आलं की गावाचं गाऱ्हाणं घालणारा माणूस चार वर्षं मुका होता. तेव्हाची माणसं गेली किंवा विसरली होती. चुलतभावाला हे कळलं असतं तर त्याने जन्मभर मला सोडलं नसतं. मी आईला म्हटलं, हे बाहेर गेलं तर तुझ्या हातचं अन्न खाणार नाही. ती विधवा होती आणि माझ्या घरात राहत होती. ती गप्प बसली.

पुढच्या महिन्यात मी देवाला कौल लावला. गुरव पाषाणावर डावी-उजवीकडे ओल्या कळ्या चिकटवतो. प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होकार. प्रश्न कसा घालायचा हे माझ्याइतकं गावात कुणाला कळत नव्हतं. एरवी मी दोन्ही बाजू मांडायचो: दोष बापाकडचा की आईकडचा, घरातला की बाहेरचा. त्या दिवशी मी एकच बाजू मांडली, आईकडची.

“ह्या लेकराच्या जिभेचो दोष आवशीच्या कुळातलो आसात, तर उजवी दी, म्हाराजा.”

मागून ‘व्हय म्हाराजा’ आलं. उजवी कळी पडली. बायकांमध्ये माझी आई उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. बायको मुलाला कडेवर घेऊन तिच्या शेजारीच होती. ती पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “तुमी इचारलात तेवढाच देवान सांगल्यान.”

मी तिला तिथेच सांगितलं की आता त्या मुक्याकडे जाऊन राहा. ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. आईने पोराच्या हातात गूळ दिला, माझ्याकडे बघितलं नाही.

मुलगा देवबागला बोलायला लागला, चार वर्षांचा झाल्यावर. पहिला शब्द कोणता, मला माहीत नाही. आचऱ्याच्या बाजारात एका देवबागकराने सहज सांगितलं की तुमचं पोरगं आता गप्प बसत नाही. तरी मला जायला आणखी वर्ष लागलं. गेलो तेव्हा तो मामाआजोबांजवळ जाळ्यावर बसून तोंडाने आणि हातांनी मिळून काहीतरी सांगत होता. मला बघून थांबला.

बायकोने यायला एकच अट घातली. “जंय माका दोषी केलात, थंयच उभे रवान सांगा. तितक्याच मोठ्यान.” म्हणजे देवळात, गावासमोर, दोष तिच्या कुळाचा नव्हता असं सांगायचं. मी हो म्हटलं. ती आली.

मी सांगितलं नाही. जत्रा आली की शब्द जुळवून जायचो आणि चुलतभाऊ पुढच्या रांगेत दिसला की पाऊसपाण्यावर यायचो. दोन वर्षं ती बायकांमध्ये उभी राहून ऐकत होती. तिसऱ्या वर्षापासून तिने देवळात येणं सोडलं. आई साठच्या दशकातच वारली. मुलगा नोकरीला मुंबईला गेला. तिथे चारचौघांत भरपूर बोलतो म्हणतात, माझ्याशी कामापुरतं. मान पुढे घ्यायला त्याने नकार दिला. कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बायको गेली त्याच्या आठवडाभर आधी मी तिला चमच्याने पेज भरवत होतो. तुला एक सांगायचं होतं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “तुमच्या आवशीन मराच्या आदी माका सगळा सांगल्यान.”

म्हणजे इतकी वर्षं तिला ठाऊक होतं आणि ती माझ्या तोंडून ऐकायला थांबली होती. तिने मान माझ्याकडे वळवली. सांगायचं होतं ते फार नव्हतं: मूल उशिरा बोलतं यात दोष असा नव्हताच, आणि होता म्हटला तर तो माझ्याकडचा होता, मला माहीत होता, आणि मी देवासमोर तो तुझ्या माणसांवर टाकला, माझं चुकलं. ती वाट बघत राहिली.

पेज निवत चालली आहे, एवढंच मी म्हणालो.