जोडून लिहिण्याचा तास

उमरे सर गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, तेव्हा मजकूर वाचायच्या आधीच काय ते समजलं. कोण, एवढंच पाहायचं उरलं होतं. कचेरीतल्या टपालाच्या ढिगातून ते माझ्या टेबलावर आलं आणि सवयीनं मी त्यावर आवक क्रमांक टाकायला शिक्का उचललासुद्धा होता... मग खाली सरांच्या मुलाचं नाव दिसलं. बॉलपेननं घाईत लिहिलेल्या चार ओळी. बाबा शुक्रवारी सकाळी गेले, तेरवी बुधवारी आहे. मला पहिला विचार काय यावा? सर असते तर असल्या अक्षरातलं हे कार्ड त्यांनी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं असतं. असा मी माणूस आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझी शोभा वाढेल असं काही नाही.

वडनेरहून चार मैल आत आमचं गाव. तिथल्या शाळेत सर पाचवीपासून दहावीपर्यंत इंग्रजी शिकवायचे. पाचवीत आम्ही एबीसीडीला हात लावायचो, आणि सहा महिन्यांत सर आम्हाला सुट्या अक्षरांवरून जोडून लिहिण्यावर न्यायचे. त्यासाठी रोज एक तास. वेळापत्रकात तो कुठेही नव्हता, शाळा भरायच्या आधीचा होता, पण तो चुकवायची कोणाची छाती नव्हती. चार रेघी वही घेणं सगळ्यांना परवडत नसे, म्हणून सरांनी स्वतःची युक्ती काढली होती. सुताराची असते तशी दोरी खडूच्या भुकटीत घोळवायची, दोन पोरांनी फळ्याच्या दोन टोकांना ती ताणून धरायची, आणि सर मधोमध चिमटीनं ओढून सोडायचे. टण्ण करून फळ्यावर सरळ पांढरी रेघ. अशा चार. मग आम्ही सगळे उभे राहून उजवा हात खांद्यापासून लांब करून हवेत अक्षरं गिरवायचो. चाळीस हात एकदम वर जायचे, एकदम खाली यायचे. रस्त्यानं वावराकडे जाणाऱ्या बाया थांबून हसायच्या. सर खिडकीतून म्हणायचे, "हसा बाप्पा हसा. तुमचेच लेकरं हायेत."

शब्द सुरू केला की तो पुरा होईपर्यंत लेखणी कागदावरून उचलायची नाही, हा त्यांचा एकच कायदा. कोणी उचललीच तर विचारायचे, "काऊन रे, तासाच्या मधातच वखर उचलतं का कोनी?" तास म्हणजे वखराची वावरातली सरळ ओळ, हे आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना लगेच कळायचं. बॉलपेनवर त्यांचा राग होता. टाक आणि दौत संपत चालली होती, वर्ध्याच्या दुकानात निबा मिळेनाशा झाल्या होत्या, तरी सर कुठून कुठून पुडी भरून निबा आणत. "बॉलपेन हाताले आळशी करते," म्हणायचे. सगळी मुलं त्यांच्याच वळणानं लिहायला लागायची. नुसतं सुंदर नव्हे, तंतोतंत तेच. एका वर्गातल्या दहा वह्या नावं झाकून उघडून ठेवल्या तर कोणती कोणाची ते खुद्द सरांना सांगता येत नसे, आणि याचा त्यांना केवढा अभिमान! माझा अपवाद. माझी वही हातात घेऊन ते म्हणायचे, "वसंता, तुह्या वहीवर कोंबड्या चरून गेल्या का रे?" आठवीपर्यंत त्यांनी प्रयत्न केला, मग मला सोडून दिलं.

आणि सुमन थूल. बौद्धपुऱ्यातली ही मुलगी माझ्या वर्गात होती आणि सरांचं अक्षर सरांपेक्षा चांगलं काढायची. सर नसले की तीच दोरी ओढायची, तीच पाचवीच्या पोरांचे हात धरून गिरवून घ्यायची. दहावी झाली की वर्ध्याला डी.एड.ला जायचं, मास्तरीण व्हायचं, हे तिचं ठरलेलं होतं. तिच्या बापानं एवढंच सांगितलं होतं की दहावीच्या पुढे शिकायला जागा मिळाली तर शीक, नाही तर पाहुणे बघून ठेवले आहेत. बाप वाईट नव्हता. जागा मिळवायला एक वर्ष त्यानं कबूल केलं होतं, आणि आमच्या गावात तेव्हा तेवढंही कोणी मुलीला देत नसे.

दहावीपर्यंत आमच्या वर्गात आठच जण उरलो होतो. निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात पास झालो. सुमनसकट बाकी सातही जणांचा निकाल राखून ठेवला होता. पाच मुली, दोन मुलं. चार दिवसांनी शाळेत बोर्डाचं पत्र आलं. इंग्रजीच्या सात उत्तरपत्रिका एकाच व्यक्तीनं लिहिल्याचं दिसतं, खुलासा करावा. गावात हसावं की रडावं कळेना. सर मात्र हसले. खरंच हसले. मला वाटतं, त्यांच्या नोकरीतली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती. त्यांनी त्याच दिवशी उलट पत्र टाकलं की माझ्या मुलांना समोर बसवा आणि लिहून घ्या, सातही जण हेच अक्षर काढतील, मग आपली खात्री पटेल. वरून मान्य झालं. पुढल्या आठवड्यात एक साहेब येणार असं ठरलं. सरांनी सातही जणांना निरोप दिला, तो एवढाच की सोमवारी शाळेत या, साहेबांसमोर थोडं लिहायचं आहे. जास्त काही समजावून सांगायची त्यांना गरजच वाटली नाही. वर्षानुवर्षं जे हात गिरवत आले, ते सोमवारी वेगळं काय करणार?

रविवारी दुपारी विहारासमोरच्या ओट्यावर ते सातही जण बसले होते. सुमन निंदणाहून आलेली, पायांना चिखल तसाच. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मी तिथं गेलो. मी पास झालेलो, हिंगणघाटच्या कॉलेजात नाव घालून आलेलो, नवी पँट घातलेली. मला वाटलं, या बिचाऱ्यांना जरा अक्कल द्यावी. मी म्हणालो, "साहेब काय म्हणते? एकाच हातचं अक्षर हाय म्हणते ना? मंग सोपं हाय. उद्या सात जन सात तऱ्हेनं लिहा. कोनी तिरपं, कोनी मोठं, कोनी सुटं. अक्षरं येगयेगळे दिसले का विषयच संपला." सगळ्यांना ते पटलं. सुमनला नव्हतं पटलं. ती म्हणाली, "सरले इचारू का?" मी म्हणालो, "सरले काय इचारतं? सरमुळंच तं हे झालं." हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कोणी नाही.

सोमवारी साहेबांनी सातांना एका खोलीत बसवून इंग्रजी उतारा सांगितला. सरांना आत येऊ दिलं नाही. मी व्हरांड्यात खिडकीशी उभा होतो, माझी युक्ती कशी लागू पडते ते पाहायला. सात जण मान खाली घालून, जीव तोडून, वाईट लिहीत होते. वाईट लिहिणं त्यांना येत नव्हतं, म्हणून घाम फुटत होता. साहेबांनी कागद गोळा केले, पिशवीतून उत्तरपत्रिका काढल्या, शेजारी शेजारी मांडल्या. उत्तरपत्रिकेत एक अक्षर, समोर लिहिलेल्या कागदावर दुसरंच. सातांपैकी एकाचंही जुळेना. मग त्यांनी सरांना बोलावलं. सर चष्मा पुसत आत आले, चेहऱ्यावर हसू होतंच. त्यांनी पहिला कागद उचलला, दुसरा उचलला... आणि कोणी काही विचारायच्या आत त्यांच्या तोंडून गेलं, "हे माह्या लेकरायचं अक्षर नाई."

साहेबांनी ते लिहून घेतलं. आता याहून जास्त पुरावा कोणता हवा होता? उत्तरपत्रिका कुणा दुसऱ्यानं लिहिल्या हे सिद्ध झालं, तेही मास्तरांच्याच तोंडून. सरांच्या लक्षात आलं तेव्हा ते सारखे म्हणत राहिले की थांबा, पुन्हा लिहून घ्या, घाबरले आहेत, पुन्हा लिहून घ्या. साहेबांची बस निघायची होती. सातही निकाल रद्द झाले, पुढच्या दोन परीक्षांना बसायला बंदी आली. सुमनचं लग्न पुढल्या उन्हाळ्यात झालं, तळेगावला, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. मी लग्नाला गेलो नाही. कॉलेजची परीक्षा होती असं मी सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या जूनमध्ये नव्या हेडमास्तरांनी बैठकीत विचारलं म्हणे, की आता बॉलपेनचे दिवस आहेत, कचेऱ्यांतून टाइपरायटर आहेत, मुलांनी हे जोडून लिहिणं अजून शिकावं का? सगळ्यांना वाटलं, उमरे सर आता भांडणार. सर म्हणाले, "बंद करा." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते फळ्यावर छापल्यासारखी सुटी अक्षरं काढत. दोरी कुठे गेली कोणास ठाऊक. हल्ली आमच्या कचेरीत, वर्ध्याजवळ सिंदी मेघेला मी राहतो तिथल्या शेजाऱ्यांत हाच वाद पुष्कळदा निघतो. कोणी म्हणतं, जोडून लिहिल्यानं हाताला शिस्त लागते, कोणी म्हणतं, पोरांचा वेळ फुकट जातो. माझं मत विचारतात, कारण मी सरकारी कारकून, लिहिण्यावर पोट भरतो. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. मला त्यावर मत द्यायचा अधिकार नाही, एवढंच मला माहीत आहे.

दर दिवाळीला मी सरांकडे जायचो. दर वेळी ठरवून जायचो की यंदा सांगायचं. दर वेळी सर विचारायचे, "सुमनचं काई कळते का रे?" मी नाही म्हणायचो. एकदा, चार-पाच वर्षं झाली असतील, सर आपणहून त्या सोमवारावर आले. म्हणाले, "वसंता, वीस वरसं शिकवलं मी. एका सायबाले पाहून लेकरायच्या हातचं सारं गळून पडलं. मंग त्यायले ते आलं होतं म्हनाचं का? म्या वरवरचं शिकवलं असंन. आत गेलंच नाई ते." त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. सर, गळून पडलं नव्हतं, त्यांनी मुद्दाम बिघडवलं, मी सांगितलं म्हणून. त्या माणसाला आयुष्य परत मिळालं असतं. काकू चिवडा घेऊन आल्या. मी चिवडा खाल्ला. वर दुसरी बशी मागून घेतली, कारण तोंड रिकामं ठेवायची मला भीती वाटली. ती दिवाळी गेली, पुढची गेली. यंदाच्या दिवाळीला सरांना नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदू पिकला होता. तेव्हाही मी पुढच्या वेळी सांगू म्हणून उठलो.

तेरवीला मी जेवलो नाही. काकूंच्या लक्षात आलं, त्यांना वाटलं, मला दुःख झालंय. दुःख झालं होतंच, पण त्या घरातलं अन्न न खाण्याचं कारण निराळं होतं, आणि त्या मला म्हणत होत्या, "तुह्यावर फार जीव होता बाप्पा त्यायचा. दिवाळीत वाट पाहे तुही."

तिसऱ्या दिवशी रजा टाकून मी आर्वीमार्गे तळेगावला गेलो. सुमनचं घर बाजाराच्या मागे. बारा-तेरा वर्षांनी पाहत होतो, तिनं मला लगेच ओळखलं. सर गेल्याचं सांगितलं. ती सूप बाजूला ठेवून बसली. मग पाणी आणून दिलं. मी विचारलं, "सरनं तुले कधी इचारलं होतं?"

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "घरी आलते. माह्या बासमोर बसून म्हने, सुमन, असं काऊन लिहिलं? म्या म्हटलं, भेव लागला, हात थरथरला."

"माहं नाव काऊन नाई सांगितलं?"

"तुहं नुकतंच कॉलेजात नाव लागलं होतं," ती म्हणाली. "अन् सरचा जीव होता तुह्यावर. बाकीच्यायलेही म्याच सांगू नोका म्हटलं. माहं तं गेलंच होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो घेऊन घरी आलो असतो, काहीतरी हाती लागल्यासारखं झालं असतं. मी माफी मागायला गेलो होतो. ते शब्द मी उच्चारलेही. तिनं ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "आता कोनाले सांगतं वसंता? ज्याले सांगाचं होतं तो गेला."

दारात तिची मुलगी वही घेऊन बसली होती. पाचवीतली. तिच्या शाळेत कोणी नवे मास्तर आले आहेत, त्यांना जोडून लिहिण्याची आवड आहे, म्हणून मुलांना चार रेघी वही सक्तीची. मी वाकून पाहिलं. प्रत्येक अक्षर सुटं, शेजारच्या अक्षराला चुकूनही न टेकलेलं, मध्ये बोटभर जागा. वर मास्तरांचा लाल शेरा होता, जोडून लिहावे. मी सुमनकडे पाहिलं. जिल्ह्यात जिच्यासारखं अक्षर काढणारं दुसरं कोणी नव्हतं ती बाई मुलीच्या वहीकडे बघत होती.

"मास्तर मारते माय, जोडून नाई लिहिलं तं," मुलगी म्हणाली.

"मार खाय," सुमन म्हणाली. "पन सुटंच लिही. कोनी शिकवलं ते अक्षरावरून वळखू नाई आलं पाह्यजे."