यादीत दोनच नावं

शुक्रवारी दुपारी लातूरला क्लाससाठी राहिलेल्या नातीचा फोन आला. "आजी, मी दोनच कॉलेजं लिहून राहिले. नांदेड नि लातूर. बस."

"आणि ती दोन्ही हुकली तर?"

"तर हुकली."

फोन बंद.

मेडिकलच्या प्रवेशाचा फॉर्म होता तो. आवडीची कॉलेजं क्रमानं लिहायची; वरचं नाही मिळालं तर खालचं, तेही नाही तर त्याच्या खालचं. शनिवारी संध्याकाळी पाचला फॉर्म बंद होणार होता. मार्क बरे होते, पण नांदेड-लातूर सगळ्या मराठवाड्याला हवं असतं. तिच्या मार्कांना दोन्ही काठावरची. दोन्ही गेली की सीट गेली, आणि तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार नाही हे तिनं आधीच सांगून ठेवलेलं. एवढा अभ्यास केलेली पोर दोन नावं लिहून घरी बसणार?

मुलाला बँकेत फोन लावला. तो म्हणाला, "आई, तू मधे पडू नको. जवळची लिहितीय ना? बरंय की. डोळ्यासमोर राहील."

बापाला पोर डोळ्यासमोर हवी. बरंय म्हणे!

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, मूळचे कोकणातले. माझे यजमान विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला लागले आणि आम्ही नांदेडचे झालो. गल्लीत आमच्या जातीचं एकच घर. काही मागायचं असलं किंवा मागितलेलं मिळालं, की आमच्यात नबीच्या, म्हणजे प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, वर फळं. माझ्या सासूबाईंनी त्याला स्वतःचा एक कायदा जोडला होता. ज्याला मागायचंय त्यानं घास घेण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्यानं मागायचं. मनातल्या मनात मागितलेलं चालणार नाही.

नवी सून म्हणून माझी पाळी आली तेव्हा काय मागितलं असेल या बयेनं? मला शिकायचं होतं. लग्नात अर्धवट सुटलेली बी.ए. पुरी करून शाळेत शिकवायचं होतं, रोज भांडी घासताना तेच डोक्यात. ताटाभोवती सगळे बसलेले, सासरे, दीर, नणंदा. आणि ही शहाणी मान खाली घालून म्हणाली, "प्रेशर कुकर."

नणंद फसकन हसली. महिन्याभरात कुकर आला. मी तो मिरवला हो! शेजारणींना बोलावून शिट्टी ऐकवली. कोण म्हणेल हिला पुढे अक्कल येणार होती?

भांडी घासताना सासूबाई एकदा एवढंच म्हणाल्या, "मागताना सुद्धा कंजूषी केलीस ना गं? आपल्यात मेल्यावर विचारतात म्हणे. व्यवहार सरळ केलास का, शिकायला वेळ काढलास का, आणि चांगलं होईल म्हणून वाट बघितलीस का? तिसऱ्या प्रश्नाला काय सांगशील? कुकर?"

त्या शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत मी मलिदा कालवून डब्यात भरला, कारण शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ असा आमचा विसाव्याचा दिवस, लागला की आम्ही काम करत नाही. शब्बाथात प्रवासही करत नाहीत. तरी शनिवारी साडेअकराला मी लातूरच्या बसमध्ये बसले. शब्बाथात असा प्रवास आयुष्यात पहिल्यांदा. देवाशी ते माझं मी बघून घेईन म्हटलं.

अहमदपूरच्या अलीकडे बस पंक्चर झाली. दीड वाजलेला. मी रस्त्याकडेला बाभळीखाली उभी, चाक निघता निघेना. नातीला फोन केला, उचलला नाही. दोन वाजले. परत केला, उचलला नाही. शेजारी उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "घाई हाय का, माय?"

"पाचच्या आत पोहोचायचंय."

"पोचताव की. लई टाइम हाय." आणि निवांत तंबाखू मळायला लागला. त्याला चापट मारावीशी वाटली.

लातूरला तिच्या खोलीवर पोहोचले तेव्हा चार वाजून गेलेले. घरमालकीण दारातच म्हणाली, "आज्जी, बरं झालं आलात. सकाळधरनं जेवली न्हाई पोरगी."

ती लॅपटॉपसमोर बसलेली. पडद्यावर दोन ओळी. माझ्याकडे बघून उठली नाही.

"बाबांनी पाठवलं का?"

"बाबा तुझ्याच बाजूनं आहेत. मी एकटी आलेय. बाकीची नावं घाल."

"आज शनिवार हाय, आजी. शब्बाथला लिहायचं नसतं."

"दोन वर्षं दर शनिवारी टेस्ट दिलीस, तेव्हा कुठं गेला होता शब्बाथ?"

ती हसली नाही. चार वाजून वीस.

"तुला कळत न्हाई," ती म्हणाली. "मागच्या वर्षी मी सगळ्यांना मुंबई सांगितलं. मग मी घरी आले की आपल्या समोरच्या काकू मला काय म्हणायच्या माहितीय? 'काय मुंबईच्या डॉक्टरीणबाई, दळण आणायला निघालात?' वर्षभर, आजी. जितकी नावं लिहीन तितक्या ठिकाणाहून 'नाही' येणार. दोन लिहिली तर दोनदाच."

तेव्हा कळलं, ही हिशेब करून घाबरलेली होती. माझ्यासारखी भाबडेपणानं नाही. खोटं बोलावं, 'सगळं मिळेल' म्हणावं, असं तोंडाशी आलं. ते गिळलं.

"वल्हांडण सणाचं जेवण झालं की आपण शेवटी काय म्हणतो?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी यरुशलेमला."

"कधीपासून म्हणतो?"

"कायमचंच की."

"तुझ्या आज्याच्या आज्यानं म्हटलं. तो नागावात घाणा चालवून तेल काढायचा, पनवेलच्या पुढं गेला नाही कधी. दरवर्षी नाहीच आलं उत्तर. तरी कुणी म्हणालं का, की जाऊ दे, आता पेणला जाऊ म्हणू या?"

तिच्या ओठाचा कोपरा हलला. "पेण काय वाईट हाय?"

"काही वाईट नाही. पण मान वर करून लांबवर बघायचं, ही आपली रीत आहे. आपल्या मूळपुरुषाला देवानं जमीन द्यायच्या आधी सांगितलं, डोळे वर कर, चारी दिशांना बघ. आधी बघ म्हटलं, मग दिली. तू तर डोळे मिटून दोन दिशा सोडून दिल्यास."

"आणि नाही मिळालं तर काकूंना तू सांगणार?"

"सांगीन. मीच सांगीन. माझी कुकरची गोष्ट पण सांगीन, ती ऐकून तुला विसरतील."

"कोणता कुकर?"

चार चाळीस झाले होते. मी दोन वाक्यांत सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "तू बी.ए. मागायची सोडून कुकर मागितलास? एवढी येडी होतीस?"

"एवढीच. आता तू मोठ्यानं माग. इथं, माझ्यासमोर."

तिनं डबा उघडला नाही, घासही घेतला नाही. पडद्याकडे बघत, रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला मुंबईला शिकायचंय." आणि सर्वात वर मुंबई टाकली. मग पुणे. नागपूर. मग नांदेड, लातूर. हात थांबला. चार पन्नास.

"खाली अजून," मी म्हटलं.

"ती कुठं लांब लांब हायत, आजी. ओळखीचं कोण न्हाई."

"नांदेडला आमची कोण ओळख होती?"

तिनं यवतमाळ टाकलं, गोंदिया टाकलं, आणखी कुठलीकुठली. नेट मध्येच अडकलं. गोल गोल फिरणारी ती खूण आणि आम्ही दोघी श्वास धरून. पाचला तीन मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. तिनं लॅपटॉप मिटला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

बारा दिवसांनी सकाळी फोन आला.

"आजी, सीट लागली. यवतमाळ."

"यादीत कितवं?"

"सहावं."

मी बोटांवर मोजलं. "म्हणजे वरच्या पाचांनी नाही म्हटलं. नांदेड-लातूरनं पण?"

"हाव. पाचांनी."

"मग? मेलीस का?"

ती म्हणाली, "न्हाई. यवतमाळला बस कुठून मिळते गं?"