रिकाम्या ओटीनं निघालेली लेक

मंडळी, लातूरच्या छोट्या नाट्यमहोत्सवात आज दुपारी मी लिहिलेलं एकपात्री नाटक झालं. शाळेचा हॉल, सतरंजीवर बसलेली माणसं. काम सुप्रियाचं.

शेवटी आईशी भांडलेली लेक पिशवी उचलून माहेरातून निघते. सुप्रिया दाराकडं वळली, तोच मुदखेडहून आलेल्या एक मावशी उठून थेट तिच्यापुढं गेल्या.

“थांब माय. लेक अशी रिकाम्या ओटीनं जात न्हाई.”

प्रवासात खायला आणलेली दोन केळी त्यांनी पुढं केली. सुप्रियानं नकळत पदर पसरला.

तिचं शेवटचं वाक्य होतं, “या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही.” ते तिला बोलताच आलं नाही.

लिहिताना मला ते वाक्य लई आवडलं होतं. मघाशी खोडलं.

तुमच्या आईनं शेवटचं ओटीत काय घातलं होतं?