शोभेचा लिंब

एका नाताळात मी अख्ख्या गावाला कळवलं, की मिशनच्या बंगल्यात देवी आल्या आहेत. तोंडाने नव्हे. माझ्या तोंडावर गावाने विश्वास ठेवला नसता. मी पाल्याने कळवलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. देवीची साथ होती. (नातवंडांना आता 'देवी' नावाचा आजार होता इथपासून सांगावं लागतं. अंगभर फोड यायचे, आणि वाचलेलं माणूस तोंडावर व्रण घेऊन वाचायचं.) भोकरदनकडच्या त्या खेड्यात आम्ही चौघं परदेशी. गोरे साहेब आणि त्यांची बायको हेल्गाबाई सातासमुद्रांपलीकडून आलेली, मी आणि आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, नगरहून. गावाच्या लेखी दोन्ही सारखंच लांब. हेल्गाबाईंना मात्र नावाने कुणी हाक मारत नसे. हेलगा म्हणजे म्हशीचं पारडू, तेही नर. इतक्या भल्या बाईला तसं कोण म्हणणार? सगळे 'मडम' म्हणायचे.

डिसेंबरात साहेब आणि मास्तर देवी काढायला, म्हणजे लस टोचायला, बदनापूरकडे गेले आणि तिकडेच अडकले. नाताळला येणं जमत नाही, असा निरोप आला. मडम माझ्याशी सोप्या इंग्रजीत बोलायच्या. निरोप ऐकून एवढंच म्हणाल्या, की त्यांच्या देशात नाताळच्या जेवणाला कुणी एकटं बसत नाही; घरचं कुणी नसलं तर वाटसरूला आत बोलावतात. आईच्या घराबाहेरचा त्यांचा तो पहिलाच नाताळ. गाव येईल का जेवायला, असं त्यांनी मला विचारलं.

"गाव मी आणते," मी म्हणाले. वय वर्षं वीस, शिक्षण सातवी पास, आणि अक्कल अजून नगरहून यायची होती.

मडमना दारावर हिरव्या फांद्यांचं गोल कडं हवं होतं, तिकडची रीत. गावात हिरवं म्हणावं असं शेळ्यांनी काही ठेवलंच नव्हतं. बंगल्यामागे एक लिंब, म्हणजे कडुलिंब, तेवढा उभा. मी त्याला निम्मा बोडका केला. दारावर कडं, चौकटीला दोन्हीकडे टहाळे, वर माथ्याला तोरण. साथीचे दिवस म्हणून मडमनी हात धुवायला दाराशी पाणी ठेवायला सांगितलं, तर मी त्या घागरीतही लिंबाची डहाळी खोवली.

आता दारावर लिंब कधी बांधतात, हे त्या मुलखातलं रांगतं पोरही सांगेल. घरात देवी आल्या की. बाहेरच्याने आत यायचं नाही, ही त्याची खूण. पण मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. तिथे आजार आला की दारावर चिठ्ठी लागायची. पाला वाचायला मला कुणी शिकवलंच नव्हतं!

स्वयंपाक मडमनी केला. बटाटे उकडले, कोबी उकडला, कोंबडीही उकडली. आणि देवी आलेल्या घरात दुसरी खूण काय, तर फोडणी बंद. सकाळपासून बंगल्यातून चुर्र नाही की ठसका नाही.

तरीही एखाद्याला शंका राहिली असती. ती मडमनी दूर केली. मी त्यांच्याकडून एक वाक्य घोकून घेतलं होतं: 'आमच्या घरी देव आले, जेवायला या.' पण त्यांच्या जिभेला मधूनच एखाद्या शब्दाला ई लावायची खोड होती. पाणी भरून चाललेल्या बाया फाटकाशी थबकल्या, तशा मडम न्हालेले केस मोकळे सोडून, पांढऱ्या झग्यात, दोन्ही हात पसरून धावल्या.

"आमच्या घरी देवी आले! या, या! जेवायला या!"

बायांनी डोक्यावरच्या घागरींसकट त्यांना नमस्कार केला. पाणी निम्मं सांडलं, पण पाय थांबले नाहीत.

दुपारी फाटकाशी वस्तू येऊ लागल्या. पानावर दहीभात. हिरव्या बांगड्या. नारळ, खण. बाया यायच्या, ठेवायच्या, हात जोडायच्या आणि मागे न बघता जायच्या. मडमचे डोळे भरून आले. म्हणाल्या, किती लाजरे लोक हे. भेटी दारात ठेवून जातात. मी जाणत्या माणसासारखी मान हलवली आणि मराठवाड्यात तशीच पद्धत असल्याचं सांगितलं.

दिवस मावळला. टेबलावर ताटं मांडलेली, अन्न गार होत चाललेलं. मडम एकेक चमचा उगीच सरळ करत होत्या. सगळे झाले की पुन्हा पहिल्यापासून. फाटक वाजलं की उठायच्या. ते वाऱ्याने वाजत होतं.

आणि मग एक माणूस आत आलं. रखमामावशी, आम्हाला दूध घालणारी. तोंडावर लहानपणचे देवीचे व्रण. महिन्यापूर्वीच तिची लेक सोनी ह्या साथीत गेली होती. तिने पदर खोचला, माझ्या कड्यातली एक डहाळी मोडून घेतली आणि थेट निजायच्या खोलीकडे निघाली.

"कोण निजलंय? मला एकदा येऊन गेल्यात, मला भ्याव न्हाई. मी बसते वारा घालत."

"कुणीच नाही निजलेलं, मावशी."

"मंग लिंब कशापायी?"

"शोभेला," मी म्हणाले.

मावशीने हातातली डहाळी खाली केली. मग हळू आवाजात बोलली. "माझ्या दारावरला मी आजून सोडला न्हाई. सोडला की पोरगी गेलीच, आसं वाटून राह्यलंय. अन् तू शोभेला बांधला व्हय."

मला जमीन हवी होती, दुभंगायला. मडमना आमचं बोलणं कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं, की कुणीतरी आलं. त्यांनी मावशीचा हात धरून तिला टेबलाशी बसवलं आणि ताट वाढलं. मावशीने बटाट्याचा घास घेतला, बराच वेळ तोंडात फिरवला, उठली आणि चुलीकडे गेली. तेल, मोहरी, लसूण, तिखट. असा ठसका उठला, की मडम खोकतच अंगणात गेल्या.

तो ठसका सगळ्या आळीत फिरला. बंगल्यात फोडणी पडली म्हणजे देवी नाहीत, एवढं गावाला बिनचिठ्ठीचं कळलं. थोड्या वेळाने फाटकाशी चार-सहा माणसं आली. आत कुणी आलं नाही. साथ खरीच होती, भीतीही खरी होती. मडमनी ताटं फाटकाशी नेली. अंगणात त्या, पलीकडे माणसं, मध्ये कंदील. फोडणीचे बटाटे खात सगळे बसले, आणि मडम शेवटपर्यंत नाकडोळे पुसत होत्या. तिखटाने की कशाने, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मी पुरेसं बोलले होते.

पुढच्या वर्षी साथ सरली होती, साहेब आणि मास्तर घरीच होते. मी मावशीला नाताळच्या जेवणाचं आवतण द्यायला गेले. ती म्हैस पिळत होती. वर न बघता म्हणाली,

"आवंदा दारावर काय बांधणारेस ते आधी बोल, मास्तरीणबाई. मंग ठरविते, जेवाया यावं का रडाया."