वाघोलीच्या माळावरचा पवना

पेशवाईत पुण्याच्या एका सरदाराच्या पागेत तुळजाबाई घोड्यांचं गवत निवडायची. ती धनगराची लेक. घाट उतरताना पाय मोडला आणि वाकडाच जुळला, म्हणून भाऊ गेनबा तिला या कामावर ठेवून मेंढरांमागे पुढे गेला. दर कार्तिकात कोकणात जाताना त्याचा तळ वाघोलीच्या माळावर पडायचा. ती लंगडत भेटीला जायची.

मग सरदाराने तो माळ कुरण म्हणून राखला. मेंढरांना मज्जाव झाला आणि गेनबाने वाट बदलली. तीन कार्तिक ती नुसती वाट पाहत राहिली.

त्यातच बरीचशी घोडी मोहिमेवर गेली, म्हणून माळ निम्माही कापला जाईना. येणाऱ्या पेंढ्यांत गोड पवना गवताच्या काड्या कमी होत गेल्या. राखाडी, कुबट गवत आणि बोरीचे काटेच जास्त.

"माळ गुदमरलाय, पंत," ती पागेचे कारकून दीनानाथपंत यांना म्हणाली. "जुन्या गवताखाली नव्या कोंबाला ऊन न्हाई. मेंढरं चरली तर मोकळा हुईल."

"वा. म्हणजे गवत वाढावं म्हणून ते मेंढरांना खायला घालायचं," पंत म्हणाले.

वैशाखात वीज पडून माळ पेटला. "संपलं कुरण," पंत डोक्याला हात लावून बसले.

"मुळं जित्ती हायेत. श्रावणापतुर थांबा."

श्रावणात पंत तिला बैलगाडीतून माळावर घेऊन गेले. पवना गुडघाभर आला होता. बोरीची कोवळी झुडपं जळून गेली होती, चंडोल शीळ घालत होते. पंतांनी खाली उतरून एक काडी चावून पाहिली.

"भावाला निरोप धाडा," ते म्हणाले. "सरदारांना मी सांगतो. कापणी झाली की मेंढरं येऊ देत. वीज काही दर वर्षी आपल्या सोयीने पडायची नाही."

कार्तिकात गेनबा आला. त्याचे केस पांढरे झाले होते. चार दिवस ती मांडीवर कोकरू घेऊन मेंढरांत बसली. पाचव्या सकाळी तळ हलला.

"चल की आमच्यासंगं," गेनबा म्हणाला.

तिने पायाकडे पाहिलं. "घाटात तुमाला वझं व्हईन."

ती नदीच्या उतारापर्यंत गेली आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येईनाशा होईपर्यंत उभी राहिली.

पुढल्या वर्षी आश्विनापासूनच ती पागेत येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला विचारू लागली, "मेंढरं कुठवर आल्याती?"