उशीवरचा मृदंग

बोरीवलीच्या चौदाव्या मजल्यावरचे जयवंत राणे रिटायर झाले आणि तिसऱ्याच दिवशी मृदंग शिकायला बसले. कारणच तसं होतं. दहिसरच्या ज्या चाळीत ते लहानाचे मोठे झाले, तिथल्या गणपतीपुढे चाळीस वर्षं मृदंग वाजवणाऱ्या अण्णांचा खांदा धरला. मंडळाचा सेक्रेटरी देवेश म्हणाला, "टेन्शन नाही काका, स्पीकरवर आरती लावू. झकास!"

"स्पीकर कशाला? मी वाजवतो ना!" जयवंतराव बोलून बसले. हाताशी दिवस एकवीस, आणि आजवर वाजवलं होतं ते फक्त ऑफिसातलं टेबल.

मंडळाचा मृदंग मूर्तीबरोबरच बाहेर काढायचा रिवाज. घरी डबा वाजवला तर खालच्या शहाबेनचा वॉचमनला फोन. मग आली उशी. फ्रिजवर वेळापत्रक लागलं: पहाटे पाच ते नऊ, दुपारी दोन ते सहा. बातम्या बंद, पत्ते बंद, बागेतली मंडळी बंद. तिकडून अण्णा व्हिडिओ कॉलवर मांडीवर बोल वाजवून दाखवत. फोनमध्ये अण्णांचा हात ज्या बाजूला दिसे, जयवंतराव आपलाही त्याच बाजूचा हात चालवत. अण्णांना मात्र पलीकडून यांचं टक्कल तेवढं दिसे.

"अहो, उशी झोपली की सांगा," रत्नप्रभाबाई म्हणत, "मलाही मान टेकायचीय."

"तुला साधना कळायची नाही गं," असं म्हणून जयवंतराव पुन्हा थापटायला लागत. विसाव्या दिवशी उशी फाटली. त्यांनी तो शुभशकुन मानला.

चतुर्थीला सगळी चाळ जमली. मृदंग पुढ्यात आला, डाव्या तोंडाला रीतीप्रमाणे ओल्या कणकेचा गोळा लावलेला. देवेशचं बोट स्पीकरच्या बटणावर. टाळ सुरू झाले आणि जयवंतरावांचा तयारीचा डावा हात वाऱ्यासारखा सुटला तो थेट कणकेत. फच्च! चार बोटं चिकटली, ती निघेनात. टाळ थांबले.

"काका, लावू का?" देवेशनं विचारलं.

"हात लाव त्या बटणाक, मगे बघतंय तुका!" अण्णा कडाडले. मग जयवंतरावांकडे वळले. "अरे मेल्या, माझो उजवो तो तू डाव्या हातान शिकलंस! फिरव तो मृदंग!"

बोटं ओढून सोडवली, मृदंग फिरवला. कणीक उजवीकडे गेली आणि डावा हात बोलू लागला. पहिली दोन कडवी उशीच्या सवयीनं इतकी हळू वाजली की गाणाऱ्यांनीही आवाज उतरवले, जणू बाप्पाला झोपवताहेत. तिसऱ्या कडव्याला मात्र खिडक्यांची तावदानं वाजली. देवेशनं गुपचूप स्पीकरची वायर गुंडाळली.

"फुडल्या वर्साक पण ह्योच," अण्णा म्हणाले. "फक्त मृदंग उलटो ठेवा."

दुसऱ्या दिवशी बागेत जयवंतराव डाव्या नखातली कणीक काढत मंडळींना सांगत होते, "उजव्या हातानं काय, कुणीही वाजवेल."